गोळ्या सहा, डॉक्टर चार, घरात एकच

"काका, ती कंपनी संपलीय. ही घेऊन जा, सेमच आहे."

मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम कुठल्याही कंपनीचं असलं तरी औषध तेच. घोळ होतो तो घरी गेल्यावर. डब्यात जुन्या कंपनीच्या पाच-सहा गोळ्या शिल्लक असतात. नव्या स्ट्रिपचा रंग वेगळा, नाव वेगळं. दिलीय म्हणजे वेगळी असणार, असं धरून काका सकाळी जुनीही घेतात आणि नवीही. घरात बायको किंवा सून असती तर कुणीतरी टोकलं असतं, "अहो, या दोन-दोन कसल्या घेताय?" एकट्याच्या घरात टोकणारं कुणी नसतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काका अंथरुणातून उठताना भोवळ येऊन पडतात, आणि 'वय झालं, तोल गेला' एवढ्यावर त्या पडण्याचा निकाल लागतो.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या 'लासी' या पाहणीत साठीपुढच्या दर शंभर माणसांत साधारण सहाजण एकटे राहत असल्याचं दिसलं. सहा हा आकडा किरकोळ वाटेल. पण २०११च्या जनगणनेतच देशातल्या ज्येष्ठांची संख्या दहा कोटींवर गेली होती, हे लक्षात घेतलं की त्याचा आवाका कळतो. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी बंगळुरूला आणि आई डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये, हे चित्र आता मध्यमवर्गाला नवं नाही. गावाकडेही मुलं पुण्या-मुंबईला आणि म्हातारी घर राखायला, हे चालत आलेलंच आहे.

एकट्या ज्येष्ठांच्या औषधांचा विषय निघाला की सगळ्यांचा भर विसरण्यावर असतो. मग गजर लावा, डबा आणा, फोनवर अ‍ॅप टाका. विसरणं हा प्रश्न आहेच. पण त्याहून मोठा प्रश्न असा की, त्या माणसाच्या पोटात रोज नेमकं काय-काय जातं याची पूर्ण यादी एकाही माणसाकडे नसते. हृदयाच्या डॉक्टरांना त्यांच्या गोळ्या माहीत, हाडांच्या डॉक्टरांना त्यांच्या. डोळ्यांचे थेंब तर कुणी औषधांत धरतच नाही. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब घालणाऱ्याच्या नाडीचे ठोके त्या थेंबांनीही मंदावू शकतात आणि दमा असेल तर तो उसळू शकतो. हृदयाचे डॉक्टर नाडी मंद का, याचा शोध घेत राहतात. थेंबांची बाटली घरी देवघराशेजारच्या फळीवर असते.

यादीअभावी काय होतं, हे एका साखळीत पाहता येईल. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू झालं. हे चांगलं, स्वस्त आणि देशभर चालणारं औषध. मात्र काही जणांच्या, विशेषतः १० मिलिग्रॅमचा डोस असला तर, घोट्यांवर त्याने सूज येते. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो. सूज दिसली म्हणून दुसऱ्या दवाखान्यात लघवीची गोळी मिळते. ही सूज शरीरात पाणी साठल्यामुळे आलेली नसते. बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपल्याने ती येते. त्यामुळे लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. उलट रात्री तीनदा बाथरूमला उठावं लागतं, अंधारात, ओल्या फरशीवर. या गोळीने रक्तातलं युरिक अ‍ॅसिडही वाढतं. एके दिवशी पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकू लागतो. मग मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी. तिने ठणका थांबतो, बीपी चढतं. आणि वाढलेल्या बीपीवर उपाय म्हणून आणखी एक गोळी.

पॉला रोशॉन आणि जेरी गर्विट्झ या वृद्धांच्या औषधोपचारांवर काम करणाऱ्या दोघा डॉक्टरांनी १९९७ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात या प्रकाराविषयी लिहिलं: औषधाचा दुष्परिणाम हाच नवा आजार समजला जातो आणि त्यावर नवं औषध सुरू होतं. यात कुणी हलगर्जी केलेली असतेच असं नाही. प्रत्येक डॉक्टरने समोर दिसलं त्यावर रास्त औषध दिलेलं असतं. फक्त पहिल्या गोळीची तारीख आणि सुजेची तारीख कुणी शेजारी-शेजारी ठेवून पाहिलेली नसते.

डायक्लोफिनॅकपाशी जरा थांबायला हवं, कारण गुडघेदुखी हा आपल्याकडच्या म्हातारपणाचा जोडीदारच. भारतातली गिधाडं जवळजवळ संपली ती याच औषधाने. मेलेल्या जनावरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, हे खरं. तरी टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि असलं वेदनाशामक ही तीन औषधं एकदम चालू असली की माणसाच्याही मूत्रपिंडावर ताण येतो, आणि उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल तर तो ताण एकदम वाढतो. त्यातली तिसरी गोळी चिठ्ठीवर सहसा नसते. ती शेजाऱ्यांनी सुचवलेली असते.

वयाबरोबर शरीराचा हिशेबही बदलतो. चाळिशीनंतर मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद हळूहळू उतरते. रक्ततपासणीत क्रिएटिनिन मात्र 'नॉर्मल' दिसू शकतं, कारण ते स्नायूंमधून तयार होतं आणि म्हातारपणी स्नायूच कमी झालेले असतात. म्हणून कागदावरच्या एका आकड्यावर विसंबून चालत नाही. वय धरून काढलेला गाळण्याचा अंदाज, म्हणजे 'ईजीएफआर', बघावा लागतो. अंगातल्या चरबीचं प्रमाण वाढल्याने चरबीत साठणारी औषधं जास्त काळ मुक्काम करतात. डायझेपाम ही जुनी झोपेची गोळी याचा नमुना. तिचा रक्तातला अंश निम्म्यावर यायला विशीतल्या माणसात वीसेक तास लागतात, ऐंशीच्या माणसात नव्वदच्या आसपास. आज रात्रीच्या गोळीत कालची आणि परवाची मिसळलेली असते. सकाळी आजी 'जरा भेलकांडते' ती त्यामुळे.

अमेरिकेतले वृद्धरोगतज्ज्ञ मार्क बिअर्स यांनी १९९१ साली नर्सिंग होममधल्या वृद्धांसाठी अशी एक यादी केली: म्हातारपणी शक्यतो टाळावीत अशी औषधं. ती आजही त्यांच्या नावाने चालते आणि २०२३ मध्ये पुन्हा सुधारली गेली. तिच्यात डायझेपामच्या जातीच्या झोपेच्या गोळ्या आहेत, तसंच सर्दीच्या गोळीत सर्रास असणारं क्लोरफेनिरामिनही आहे. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांनी सर्दीची साधी गोळी घेतली आणि रात्री लघवी तुंबून नळी घालायची वेळ आली, हे त्यामुळेच घडतं. याच गोळीने एखादी धडधाकट म्हातारी दोन दिवस भ्रमिष्टासारखी बोलते. घरच्यांना स्मृतिभ्रंशाची शंका येते.

आता साखरेच्या गोळ्या. ग्लिबेनक्लामाईड किंवा ग्लिमेपिराईड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. आपल्याकडे एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार आणि नवरात्र धरलं तर वर्षातले किती दिवस पोट अर्धवट असतं, हे प्रत्येक घराला माहीत आहे. आजी सकाळी गोळी घेते, उपास म्हणून फक्त चहावर राहते आणि दुपारी साबुदाणा भिजेपर्यंत घामाने डबडबते. पुष्कळदा घामही येत नाही. नुसतं असंबद्ध बोलणं, चिडचिड, गुंगी. बीपीची मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर हाताची थरथर आणि धडधड झाकली जाते. शेजारीणबाईंना वाटतं, झोपल्यात. उपास करायचाच असेल तर त्या दिवशी गोळी कमी करायची की टाळायची, हे आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून घ्यावं. कुठलाही समंजस डॉक्टर या प्रश्नाला हसत नाही.

साखर उतरली तर तीन चमचे साखर खायची, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण भारतात खपणाऱ्या कित्येक मधुमेहाच्या गोळ्यांत व्होग्लिबोस हे आणखी एक औषध मिसळलेलं असतं, आणि ते साखरेचं पचनच सावकाश करतं. अशा वेळी चमचाभर साखर किंवा पेढा लवकर कामी येत नाही. ग्लुकोजची पावडर लागते. एकट्या राहणाऱ्याने स्वतःच्या गोळीत व्होग्लिबोस आहे का, हे एकदा विचारून ठेवावं आणि ग्लुकोजची पुडी पलंगापाशी ठेवावी. बरं वाटलं तरी कुणाला तरी फोन करावाच. ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्यांचा अंमल लांबतो आणि तासाभराने साखर पुन्हा उतरू शकते.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी खास भारतीय सापळा आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये मात्र १००. सिरिंजही दोन जातींच्या: ४०ची, सहसा लाल टोपणाची, आणि १००ची, सहसा केशरी टोपणाची. पेन बिघडलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढलं, तर २० युनिटच्या खुणेपर्यंत भरलेली सिरिंज प्रत्यक्षात ५० युनिट टोचते. अडीचपट! बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एक आहे का, एवढं भिंगाने का होईना पाहिल्याशिवाय सुई टोचू नये.

वेळेच्या चुकीपेक्षा वाराची चूक भयंकर असते. संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. बाकीच्या गोळ्या रोजच्या, म्हणून सवयीने हीही रोज घेतली जाते, आणि काही दिवसांत तोंड सोलवटतं, रक्तपेशी घसरतात. यात माणसं दगावल्याच्या नोंदी देशोदेशी आहेत. या औषधासोबत फॉलिक अ‍ॅसिड देतात. दोन्ही गोळ्या अनेकदा पिवळसर, बारीक. वर आपल्याकडे मेथोट्रेक्सेटच्या एका प्रचलित ब्रँडचं नावच 'फोलि'ने सुरू होतं. डॉक्टरांकडून वार लिहूनच घ्यावा, 'फक्त रविवार' असा, आणि तो स्ट्रिपवर मार्करने ठळक मांडावा. तोंडात फोड आले तर पुढची गोळी न घेता आधी डॉक्टरांना फोन.

नावांचा हा गोंधळ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. मेंदूच्या मलेरियावरच्या 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या दोन औषधांच्या नावांवरून दोन कंपन्यांत वाद झाला, तेव्हा २००१ साली न्यायालयाने म्हटलं की औषधांच्या नावातलं साधर्म्य इतर मालापेक्षा कडक निकषाने तपासलं पाहिजे, कारण इथे चूक जिवावर बेतते. दोन्ही गोळ्यांतलं औषध वेगवेगळं होतं. त्या निकालानंतर आजही फळीवर सारखी नावं भरपूर आहेत. नावामागची शेपटंही वाचायला शिकावं: 'एएम' म्हणजे आत अ‍ॅम्लोडिपिनही आहे, 'एच' म्हणजे बहुधा लघवीचं औषध, साखरेच्या गोळीवरचं 'एम' म्हणजे मेटफॉर्मिन, 'एव्ही' म्हणजे अ‍ॅटोर्वास्टॅटिन. एका स्ट्रिपवर 'एएम' आणि दुसऱ्यावर नुसतं अ‍ॅम्लोडिपिन दिसलं, तर ते डबल डोसचं लक्षण. 'एसआर', 'एक्सएल', 'ईआर' असं लिहिलेली गोळी दिवसभर थोडी-थोडी सुटण्यासाठी बनवलेली असते. ती चावायची किंवा कुटायची नाही, आणि विचारल्याशिवाय मोडायचीही नाही.

स्ट्रिपचं आणखी एक. एक्स्पायरीची तारीख बऱ्याच स्ट्रिपवर एकाच टोकाला छापलेली असते आणि दुकानदार कात्रीने कापून नेमकं तेच टोक दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतो. शक्यतो पूर्ण स्ट्रिप घ्यावी. घरी गोळ्या तारखेच्या विरुद्ध टोकाकडून काढाव्यात. १ ऑगस्ट २०२३पासून देशातल्या सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. नातवाने फोन धरला की औषधाचं मूळ नाव, बॅच आणि तारीख समोर येते. नातू लांब असेल, तर तो सुट्टीत येतो तेव्हाच हे काम उरकून घ्यावं.

'आयुर्वेदिकच आहे, त्याने काय होतंय' हे वाक्यही यादीच्या आड येतं. करोनाच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघरी उकळले. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी त्या काळातल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ साली प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य झाला नाही, वाद झाला. ज्येष्ठमधाबद्दल मात्र असा वाद नाही: ते रोज आणि भरपूर घेतलं तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. घशासाठी चघळलेल्या एखाद्या कांडीने काही होत नाही. महिनोन्‌महिने काढा पिणाऱ्याने तो डॉक्टरांना सांगितलाच पाहिजे. इसबगोल निरुपद्रवी, पण ते इतर गोळ्यांच्या शोषणात आडवं येऊ शकतं, म्हणून मध्ये दोनेक तासांचं अंतर हवं. थायरॉइडची गोळीही अशीच मानी: उपाशीपोटी, सकाळच्या चहाच्या अर्धा ते एक तास आधी, आणि कॅल्शियमच्या गोळीपासून चार तास लांब.

तेव्हा आधी यादी, मग डबा. चुकीच्या गोळ्या सात कप्प्यांत शिस्तीत भरल्या तर चुकाच शिस्तीत होतात.

यादी करायची पद्धत अमेरिकेतल्या डॉक्टरांनी कधीच रूढ केलीय आणि आपल्याला ती सहज जमण्यासारखी आहे: घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे नेऊन ओतायची. सगळी म्हणजे सगळी. थेंब, मलमं, इनहेलर, चूर्णं, फ्रिजमधलं इन्सुलिन, जुन्या मिठाईच्या खोक्यातल्या सुट्या गोळ्या, भिशीतल्या मैत्रिणीने दिलेलं तेल. वर्षातून एकदा तरी, आणि हॉस्पिटलमधून घरी आल्यावर तर आठवड्याच्या आत. डिस्चार्ज कार्डावर नव्या गोळ्या असतात. जुन्यांपैकी कोणत्या बंद, हे लिहिलेलं नसेल तर तिथेच विचारून लिहून घ्यावं. प्रत्येक गोळीपुढे तीन गोष्टी हव्यात: कशासाठी, कधी आणि कधीपर्यंत. शेवटच्या रकान्यातच गंमत आहे. पित्ताची गोळी दोन आठवड्यांसाठी दिलेली असते आणि ती चार वर्षं चाललेली असते.

स्वतःहून मात्र काही तोडू नये. मेटोप्रोलॉल, स्टेरॉइड किंवा वर्षानुवर्षांची झोपेची गोळी एकदम थांबवली तर शरीर उसळी घेतं. ही औषधं पायरीपायरीने उतरवावी लागतात.

डबा आणायचा तर सात वारांचा, सकाळ-रात्र असे वेगळे कप्पे असलेला, आणि झाकण बोटांनी उघडणारा. संधिवाताच्या बोटांना न उघडणारे डबे बाजारात पुष्कळ आहेत. चिठ्ठीवरचं '१-०-१' म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे आता सगळ्यांना कळतं. 'एसओएस' लिहिलेली, म्हणजे गरज पडली तरच घ्यायची गोळी, कप्प्यात टाकू नये. जिभेखाली ठेवायची छातीदुखीची गोळी वेगळी, हाताशी, आणि ती बसूनच घ्यायची, कारण तिने बीपी झपकन उतरतं. डबा गॅसच्या ओट्यावर किंवा न्हाणीघरात नको. उष्णता आणि दमट हवा दोन्ही गोळ्यांचे वैरी. एखादा डोस हुकला तर पुढच्या वेळी दोन घेऊन भरपाई करायची नाही. बहुतेक औषधांसाठी हे खरं आहे, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबाबत काय करायचं हे आधीच विचारून लिहून ठेवावं.

लांब राहणाऱ्या मुलांनी रोज फोनवर "आई, गोळ्या घेतल्यास ना?" विचारून काही हाती लागत नाही. उत्तर 'हो' असंच येतं. कधी आईला तसं खरोखर वाटत असतं, कधी तिला कटकट नको असते. व्हिडिओ कॉलवर "आजचा कप्पा दाखव बरं" म्हटलं की दोघांचंही काम होतं. त्याहून उपयोगी म्हणजे मेडिकलवाला एकच ठरवणं आणि त्याला सगळी यादी देणं. दर महिन्याला तोच माणूस सामान पाठवत असेल, तर 'सेमच आहे' म्हणताना जुनी स्ट्रिप परत मागायचंही त्याला सुचू शकतं.

औषधाने अंगावर पुरळ आलं, चक्कर आली, तर ती तक्रार नोंदवायला रुग्ण स्वतः मोकळा आहे. देशात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी यंत्रणा आहे, तिचं मुख्य केंद्र गाझियाबादला. १८००-१८०-३०२४ हा तिचा निःशुल्क क्रमांक. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७. आणि तातडीची रुग्णवाहिका १०८.

१०८ आली तरी दार आतून बंद असतं, ही एकट्या घरांची खरी अडचण. शेजारी एक किल्ली हवी, आणि ती लागेल तेव्हा आतली कडी लागलेली नसावी. यादीची एक प्रत फ्रिजच्या दारावर, एक पाकिटात. तिच्यात सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते, मग इन्सुलिन किंवा साखरेची गोळी, मग अ‍ॅलर्जी. पडून डोक्याला मार लागलेला माणूस हॉस्पिटलात पोचला की डॉक्टर याच गोष्टी पहिल्यांदा विचारतात, आणि सोबत आलेल्या शेजाऱ्याला त्यांतली एकही ठाऊक नसते.